एकेचाळिसावी अर्डेला

लव्हर्नने फोन टेबलावर ठेवला आणि आवाज मोठा केला. "डॅडी, ऐका. ही एकेचाळिसावी."

ओथा गेन्स मान तिरकी करून ऐकू लागला. तीन आठवड्यांपूर्वी घशाचं ऑपरेशन झालं, त्यात त्याचा आवाज कायमचा गेला. आता हाताशी एक पाटी असायची आणि शर्टाच्या खिशात खडू. पन्नास वर्षांपूर्वी इथेच, मेम्फिसमध्ये, 'घरी ये, अर्डेला' हे गाणं त्याने लिहिलं होतं आणि पहिल्यांदा गायलंही त्यानेच. त्यानंतर चाळीस जणांनी ते गायलं. कुणी नुसत्या गिटारवर, कुणी चर्चच्या गायकांना मागे उभं करून, एकाने तर जपानीत. नाव कुणीच बदललं नाही, आणि रडायचे सगळेच.

खरी अर्डेला, ओथाची बायको, मागच्या पडवीत वालाच्या शेंगा सोलत बसली होती. हे गाणं लागलं की ती उठून जायची. लग्नातून, चर्चच्या जेवणातून, एकदा तर डोक्याला रंग लावलेला असताना पार्लरमधून. या गाण्यामुळे नवऱ्याला टाकून गेलेली बाई म्हणून अख्खं शहर तिला ओळखत होतं.

फोनवरची पोरगी मात्र भलतंच गात होती. ठेका जलद, मागे टाळ्या, आणि नाव घेताना गालातल्या गालात हसल्यासारखं.

"वाट लावली हिने," लव्हर्न म्हणाली. "तुमची परवानगी मागतेय. नाही म्हणून कळवू?"

ओथाने हात वर करून तिला थांबवलं. मग टेबलावर मूठ आपटली. आपटतच राहिला, अर्डेला धावत दारात येईपर्यंत.

"काय झालं? दुखतंय का?" मग तिच्या कानावर गाणं पडलं. "लव्हर्न, बंद कर ते. माझ्या घरात नको."

ओथाने घाईघाईने लिहिलं आणि पाटी तिच्यापुढे धरली.

'ही तुला बोलावत नाहीये. हिच्या गाण्यात तू आलेली आहेस.'

अर्डेलाने चष्मा वर सरकवून ते दोनदा वाचलं.

"आठ दिवस," ती म्हणाली. "फक्त आठ दिवस माहेरी होते मी, ओथा गेन्स. तुझ्या पिण्याला वैतागून. नवव्या दिवशी या इथे, याच चुलीपाशी तुला मासे तळून घालत होते. ते लिहिलंस कधी?"

ओथाचे ओठ हलले. त्याने बाहीने पाटी पुसली. मग एकच शब्द लिहिला. 'चुकलो.'

अर्डेलाने एप्रनने तोंड पुसलं. त्याच एप्रनने त्याच्या गालावरचा खडूही पुसला. मग खुर्ची ओढून त्याच्या शेजारी बसली.

"पहिल्यापासून लाव गं," ती लेकीला म्हणाली. "आणि खिडकी उघड ती. गल्लीला ऐकू जाऊ दे."