ज्वालकापुढे

लेकीनं, निवेदितानं, मनपसंत लग्न केलं तेव्हापासून मोताळ्याचे भालचंद्र मास्तर तिच्याशी चकार शब्द बोलले नव्हते. पण रोज शाळा सुटली की ते मोबाइलवर खोट्या नावानं तिच्याच टीममध्ये खेळत. आपला माईक बंद ठेवायचा आणि कानात तिचा आवाज ऐकायचा.

आज गेममधला आग ओकणारा ज्वालक थेट तिच्यावर चालून आला. तिची ढाल केव्हाच जळून गेली होती. नेहमीसारखे दोनदा भिंतीला धडकत मास्तरांनी आपला गडी तिच्यापुढे नेला.

"मांगं सरक बे, जळशीन," ती ओरडली.

मास्तर सरकले नाहीत. ज्वालकानं जबडा उघडला आणि त्यांचा गडी उभ्याउभ्या राख झाला.

मग ती हळूच म्हणाली,

"चष्मा लाऊन खेळत जा न, बाबा."