रविवारची फेरी

मायलेकींनी मिळून लेम्युएल पेटिंगिलला बग्गीत बसवलं, तेव्हा चर्च सुटायची वेळ झाली होती. सकाळी दाढी करता करता तो कोसळला होता. उजवं अंग लुळं पडलं होतं, वाचा गेली होती. ऑगस्टाने नवऱ्याच्या तोंडाची वाकडी बाजू मफलरने झाकली, मांडीवर घोंगडी टाकली आणि मुलीला म्हणाली, "डावीकडून अगदी चिकटून बस. कलू देऊ नकोस."

आधी डॉक्टरला बोलावू या, असं ड्रुसिला पुन्हा पुन्हा विनवत होती. पण डॉक्टरचेही पैसे पपांच्याच बँकेत होते. त्याच्या बायकोला कळलं की गावाला कळलंच.

न्यूयॉर्कमधली एक मोठी पेढी बुडाल्यापासून मिलब्रुकमध्ये कुजबूज चालू होती. पेटिंगिलच्या बँकेचाही पैसा तिथे अडकला होता. सिनसिनाटीहून रोकड यायची होती, ती मंगळवारच्या गाडीने. सोमवार निभावला तर सगळ्यांना सगळं मिळणार होतं. सोमवारीच लोक दारात आले, तर रांगेतल्या पहिल्या काही जणांना मिळालं असतं, बाकीच्यांना कुलूप दिसलं असतं. आणि आज बँकर कुठे दिसला नाही, तर तो पळाला असंच लोक म्हणाले असते.

लगाम ऑगस्टाने स्वतःच्या हातात घेतले. मुख्य रस्त्यावर आल्यावर तिने घोडा मुद्दाम सावकाश चालवला. कोणी हाक मारली की ती हसून सांगे, यांना सर्दी झालीय, घसा पार बसलाय, म्हणून प्रार्थनेला आलो नाही. ड्रुसिलाचा खांदा वडिलांच्या भाराने भरून आला होता. घोडा जरा दचकला तरी ती त्यांना घट्ट धरत होती.

दाणेवाल्या अमोस टटलने बग्गीत डोकावून पाहिलं आणि मागच्यांना सांगितलं, "चला, बँकर गावात आहे म्हणजे पैसेही गावातच आहेत." लोक हसले. ऑगस्टाही हसली.

तेवढ्यात हेडविग क्राउसने पुढे होऊन घोड्याचा लगाम धरला. विधवा बाई, पाव भाजून विकायची, दोन पोरांना वाढवायची. नवऱ्यामागे जे हाती आलं होतं, ते सगळं तिने लेम्युएलच्या शब्दावर बँकेत ठेवलं होतं. ती बग्गीच्या कडेला आली.

"साहेब, उद्या काढून घेऊ की राहू देऊ?"

"राहू द्या म्हणतायत," ऑगस्टा म्हणाली. "त्यांना बोलवत नाही, हेडविग."

"मी त्यांना विचारलंय, बाई."

लेम्युएल तिच्याकडे बघत होता. त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. घोंगडीखाली त्याच्या डाव्या हाताने ड्रुसिलाची बोटं पकडली आणि जोरात दाबली. घोंगडी हललेली ऑगस्टाने पाहिली. हेडविग वाट बघत उभी होती.

ड्रुसिला बाहेर वाकली. "काढून घ्या," ती हळूच म्हणाली.

हेडविगने एकवार लेम्युएलच्या ओल्या झालेल्या मफलरकडे पाहिलं. मग ती मागे फिरली. घराकडे मात्र गेली नाही. चर्चच्या अंगणात तिचा दीर उभा होता, त्याच्याकडे गेली. थोड्या वेळाने तिथली माणसं एकेक करून वळून बग्गीकडे बघू लागली.

ऑगस्टाने घोडा हाकला. फेरी अर्ध्यावर सोडली नाही. गिरणीपर्यंत गेली, भेटेल त्याला सर्दीचं सांगत राहिली. परत येताना बग्गी बँकेवरून गेली. बँकेचं दार बंद होतं, पण पायऱ्यांवर सहा-सात जण येऊन बसले होते. एकीने जेवणाची टोपली आणली होती. हेडविगची पोरं सगळ्यांत वरच्या पायरीवर दाराला पाठ लावून बसली होती.

चेहऱ्यावरचं हसू तसंच ठेवून ऑगस्टाने मुलीला विचारलं, "यांनी तुझा हात दाबला तो सांग म्हणून, की सांगू नकोस म्हणून?"

ड्रुसिलाने वडिलांकडे पाहिलं. त्यांचा डोळा लागला होता.

पायऱ्यांवरचे पुरुष उठून उभे राहिले आणि बँकरसाठी त्यांनी टोप्या काढल्या.