छान झालंय

भाताचा पार लगदा झाला होता आणि पाचही जण तो "छान झालाय" म्हणत खात होते.

चमचा उपडा केला तरी भात खाली पडत नव्हता. हे तिला दिसत होतं, मग त्यांना दिसत नव्हतं का? नवरा मान खाली घालून जेवत होता. त्याची मुलगी, मुलगा आणि जावई यांनी ताटं लख्ख केली. सात वर्षांच्या नातीनं काहीतरी बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात तिच्या आईनं डोळे वटारले. मग तीही म्हणाली, "छान झालाय."

लग्नाला दोन महिने झाले होते. साठीला टेकलेल्या दोघांनी नोंदणी कार्यालयात सह्या केल्या, कोपऱ्यावर चहा घेतला आणि घरी आले. त्याच्या मुलांनी हूं की चूं केलं नाही. उलट हिवाळ्याच्या सुट्टीत सगळ्यांनी चार दिवस डोंगरावर जायचं, हे मुलीनंच ठरवलं. भाड्याच्या त्या घरात पाऊल टाकल्या टाकल्या या नव्या नवरीनं जाहीर केलं, "स्वयंपाक माझ्याकडे!" आणि स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला.

कारण लग्नापर्यंत तिनं फक्त एकटीपुरतंच रांधलं होतं. तीस वर्षं औषधांच्या दुकानात गेलेली. हात मापाचा. एका माणसाचं प्रमाण घ्यायचं, सहानं गुणायचं, चिठ्ठीवर लिहायचं आणि मोजून घालायचं. पाणी असो, मीठ असो, मिरी असो. चाखून बघायची सवय नव्हती. औषध देणारा माणूस औषध चाखत बसत नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी मुलीनं हौसेनं ऑम्लेट केलं. ते करपलं.

"हे ऑम्लेट आहे की चपलेचा तळवा?" भाऊ म्हणाला.

"आईवर गेलीय," नवरा म्हणाला. "तिची भाजी हुंगून मांजरसुद्धा परत फिरायचं."

गेलेल्या बाईबद्दल असं बोलतात, तिला वाटलं. पण मुलगी स्वतःच हसून हसून डोळे पुसत होती. तीही मग सगळ्यांबरोबर हसली, पण उगीच, रीत म्हणून. दुपारी तिची भाजी अळणी झाली. पाचही जण म्हणाले, "छान झालीय, मावशी." तिला त्या शब्दाचा आता वीट आला होता. गेले तीन दिवस दोन्ही वेळा तोच शब्द, तेच हसू. दारात आलेल्या परक्या माणसाला पाण्याचा पेला द्यावा, तसा.

तिनं आपली जुनी भाड्याची खोली अजून सोडली नव्हती. मालकाला सोमवारी काय ते सांगायचं होतं. नवऱ्याला हे ठाऊक नव्हतं. चार दिवसांनंतरही आपण पाहुणीच राहिलो, तर काही दिवस तिकडे जाऊन राहायचं, असं तिनं मनाशी पक्कं केलं होतं. भांडण नको, तमाशा नको. फक्त रोज उठून पाहुणी होणं तिला जमणार नव्हतं.

चौथा दिवस उजाडला. सगळे फिरायला गेले, बारापर्यंत येतो म्हणाले. तिनं भाज्यांचं सूप चढवलं. स्वयंपाकघरातली सुरी बोथट होती, गाजरं कापताना हाताला घट्टे पडायची वेळ आली. दोनपैकी एकच बर्नर धड चालत होता. आणि तिथलं एकही झाकण कुठल्याच पातेल्यावर बसत नव्हतं. मीठ मोजून आधीच घातलं होतं. बारा वाजले, एक वाजला. बाहेर धुकं इतकं दाटलं की फाटकही दिसेना. सूप गार होऊ नये म्हणून तिनं आच बंद केली नाही.

दोनला सगळे आले, नाकं लाल, हात काकडलेले. तिनं घाईनं वाट्या भरल्या. सूप आटून निम्मं झालं होतं, पण तिचं लक्ष वाट्यांकडे नव्हतं, माणसांकडे होतं.

मुलीनं पहिला चमचा तोंडात घातला आणि वाटी धाडकन खाली ठेवली.

"ई! मावशी, हे काय? अख्खा समुद्र ओतलाय का यात?"

तिनं हातातला डाव खाली ठेवला. संपलं. आता निदान रीतभातही उरली नाही.

"मीठ स्वस्त आहे, मान्य," मुलगा जीभ बाहेर काढून म्हणाला, "म्हणून काय सगळं आमच्यावरच संपवायचं?"

"आणि तो भात!" नवऱ्यानं टेबलावर थाप मारली. "खिडकीच्या फटी बुजवल्या असत्या मी त्यानं. तीन दिवस वाट बघतोय, पोरं कधी तोंड उघडतात."

"मी तेव्हाच सांगणार होते!" नात किंचाळली. "आईनं डोळे मोठे केले!"

हशा पिकला. मुलीनं उठून मावशीच्या हातात बटाटे कोंबले. "सोला पटपट, मी पाणी वाढवते. आणि जरा चाखत जा हो, जीभ काय नुसती शोभेला दिलीय?"

तिला रडू येत होतं की हसू, तिचं तिलाच कळेना. बटाटे हातात धरून ती नुसतीच उभी राहिली.

जावई तेवढा हसत नव्हता. तो खुर्चीत फुरंगटून बसला होता.

"हा सरळसरळ अन्याय आहे," तो म्हणाला. "मावशींना चारच दिवसांत? माझ्या हातच्या चहाला नावं ठेवायला तुम्ही तीन वर्षं लावलीत!"