खिडकीतल्या बायका

जिन्यातल्या भिंतीवरचं चित्र मंजिरीनं खिळ्यावरून उतरवलं आणि कमलाकरकाकांच्या पुढ्यात धरलं. दगडावरून छापलेलं, जुनं, काळं-करडं. बाबांनी इथं इंग्लंडात, वॉटफर्डच्या जुन्या वस्तूंच्या चॅरिटी शॉपमधून हौसेनं आणलेलं. कुठल्याशा सेनापतीची अंत्ययात्रा, सगळा देश रस्त्यावर लोटलेला, आणि शवपेटीच्या पुढे एकटाच चालणारा एक तरुण.

"हा कोण, असं मी लहानपणी बाबांना विचारलं होतं. म्हणाले, ज्याचं माणूस गेलंय, तो पुढे चालतो. आज दॅट्स मी, काका."

"अगं, पण तो मुलगा आहे. आपल्यात मडकं मुलगा धरतो, नसला तर भाऊ. बायका घरात थांबतात. तुझ्या चित्रातसुद्धा बघ की, वर खिडकीत आहेत."

होत्या खऱ्या. शिपायांच्या मिशा कोरून काढणाऱ्या चित्रकारानं त्यांना नाक-डोळेही दिले नव्हते. मंजिरीला त्या चित्रकाराचा भयंकर राग आला. तिनं चित्र जिन्यावर टेकवून ठेवलं आणि काकांच्या हातातलं मडकं सरळ काढून घेतलं. मडकं कसलं, गार्डन सेंटरमधली कुंडी ती, तळाला भोक असलेली. विस्तवाला परवानगीच नव्हती, तेव्हा भोकाचं कुणाला काय!

कुंडी घेऊन ती बाहेर आली, मागोमाग काका. दारात बाबांची शववाहिनी उभी होती. इथल्या रिवाजाप्रमाणे कोपऱ्यापर्यंत गाडीपुढे चालायला फ्युनरलवाला टोबी उंच हॅट घालून तयार होता.

"आय विल वॉक इन फ्रंट," मंजिरी म्हणाली.

टोबीनं तिच्याकडे पाहिलं, कुंडीकडे पाहिलं. मग हॅट काढून तो तिच्या मागे जाऊन उभा राहिला.

काकांनी वर पाहून हाक मारली, "वहिनी, तुम्ही तरी सांगा हिला!"

सकाळपासून आई वरच्या खिडकीत बसून होती. आता खिडकीत कुणीच नव्हतं. आईलाही हे पटलेलं नाही, असं मंजिरीला वाटलं. तरी तिनं कुंडी छातीशी धरली आणि पाऊल उचललं.

तेवढ्यात मागे दार वाजलं. साडीवर बाबांचा कोट चढवून आई बाहेर आली, मंजिरीच्या शेजारी उभी राहिली आणि तिनं कुंडीला एक हात लावला.

"अहो वहिनी, तुम्हीसुद्धा?"

"तिथून नीट दिसत नाही, भावजी," आई म्हणाली आणि चालू लागली.