रुळाचं वळण

१९८४ साली अमेरिकेतल्या शॉमबर्गजवळच्या जुन्या रेल्वेमार्गाची पाहणी करताना इंजिनिअर श्रीरंग देवस्थळीला एक गोष्ट खटकली. सपाट माळावरून नाकासमोर चाललेला रूळ एका शेतापाशी उगाचच वळसा घेत होता. सव्वाशे वर्षांपूर्वी तो मार्ग आखणारा एल्डन व्हिटकॉम सर्व्हेअर होता, पुढे आमदारही झाला होता आणि ते शेत त्याचंच होतं.

"बघ, इथले आमदारही तसलेच यार!" श्रीरंग घरी बायकोला, विनीताला म्हणाला. "स्वतःची जमीन बरोबर वाचवली!"

दुसऱ्या दिवशी तो मुद्दाम त्या शेतावर गेला. तिथे एल्डनची म्हातारी पणती हॅरिएट एकटीच राहत होती. श्रीरंगने आडून आडून वळणाचा विषय काढला.

"तुमच्या आधीही सगळ्यांनी हेच विचारलं," असं म्हणत तिने पणजोबांची डायरी पुढे केली. हिने नको ती पानं फाडली असणार, असं वाटून श्रीरंगने आधी पानांचे आकडे तपासले. सगळी पानं जागेवर होती. मग तो वाचू लागला.



"गोठा वाचवायला रूळ वाकवला म्हणून आज भर सभागृहात मला चोर म्हणाले. मी गप्प बसलो. गोठ्याखालच्या तळघरात दक्षिणेतून पळून आलेले अकरा गुलाम आहेत. त्यातली एक कालच बाळंत झाली."