बिनखोगिराची उडी

घोडेस्वारी शिकवणाऱ्या बाईंचा गुडघा हल्ली कुरकुरत होता, पण नव्या विद्यार्थ्यांसमोर ते कबूल कोण करणार!

"खोगीर नाही, रिकीब नाही, पायाखाली स्टूलही नाही. नीट बघा," म्हणत त्यांनी घोडीची आयाळ मुठीत धरली आणि जमिनीवरून उडी मारली. उडी अर्ध्यातच संपली. बाई घोडीवर पोटावर आडव्या पडल्या. डोकं इकडे, पाय तिकडे, वाळत घातलेल्या चादरीसारख्या.

कुणी हसायच्या आत बाई तशाच लोंबकळत गरजल्या, "ही झाली पहिली पायरी! चला, करा सगळ्यांनी!"

 

थोड्या वेळाने सगळे विद्यार्थी आपापल्या घोड्यांवर आडवे लोंबकळत होते, आणि त्यांतल्या एका वयस्कर डॉक्टरांनी उलट्या डोक्याने, अत्यंत आदराने विचारलं, "बाई, आता दुसरी पायरी?"