हिरवा पट्टा

दौंडहून पुण्याला निघालेल्या गाडीत प्रज्ञाच्या मनगटावरचा भीती ओळखणारा पट्टा लाल होऊ लागला. शेजारचा अनोळखी माणूस मघापासून तिला खेटत होता.

रोज अप-डाऊन करणाऱ्या निंबाळकरकाकूंनी समोरून पटकन तिचा हात धरला. “घाबरू नकोस गं बाई. पट्टा पूर्ण लाल झाला की गाडी थांबते, पोलीस चढतात, जबाब घेत बसतात. परवा अशानंच माझा हाफ डे लागला. माझ्याबरोबर श्वास घे बघू, सावकाश.”

“पण काकू, हा माणूस...”

“आधी श्वास घे.”

आजूबाजूच्या बायकाही सवयीने तिच्यासोबत श्वास घेऊ लागल्या. हळूहळू पट्टा हिरवा झाला. दारावरच्या पडद्यावर अक्षरं उमटली: ‘सर्व प्रवासी सुरक्षित.’

शेजारच्या माणसानेही ती वाचली आणि तो निवांतपणे आणखी जवळ सरकला.